सुतकातला अर्ज

दत्तात्रेय घैसास वाईट माणूस होता, असं काशीतल्या मराठी वस्तीत तुम्हांला एकही जण सांगणार नाही. म्हणून मी सांगते. आम्ही सगळे त्याला दत्तूकाका म्हणायचो. रेल्वेत हेडक्लार्क, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की जिभेवर खडीसाखर ठेवली असावी. गल्लीत कुणी गेलं की तिरडीला पहिला खांदा त्याचा. माझ्या वडिलांनाही त्यानंच पहिला खांदा दिला, आणि पुढच्या चौदा दिवसांत मलाही पोचवलं. मी श्वास घेत होते एवढाच काय तो फरक.

माझं नाव बकुळ सप्रे. एका कॉलेजात छात्रवृत्ती विभागाची मी बडी बाबू आहे, म्हणजे मुख्य कारकून. माझ्या टेबलावर दोन शिक्के असतात. एक 'स्वीकृत', दुसरा 'निरस्त', म्हणजे नामंजूर. पोरं मला घाबरतात. घाबरावंच. ज्या खिडकीत मी बसते ती खिडकी मला फुकट मिळालेली नाही.

राजाघाटाच्या वरच्या गल्लीत तेव्हा सत्यभामाबाई विद्यार्थी निधीची एक खोली होती. सत्यभामाबाई नावाची कुणी विधवा काशीवासाला आली होती, आणि मरताना आपले दागिने मराठी मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेली. त्यातून एका वेळी एकाच विद्यार्थ्याला वेतन मिळायचं, महिना पंचेचाळीस रुपये, पदवी हातात पडेपर्यंत. दर चतुर्थीला निधीच्या खोलीतल्या गणपतीची आरती व्हायची. आरती झाली की बाईंच्या फोटोला वाकून नमस्कार करायचा, मग दत्तूकाका पाकीट हातावर ठेवायचा. तो निधीचा चिटणीस होता. नमस्कार घाईत उरकला तर म्हणायचा, "पुन्हा कर, बाळ. गाडी सुटतेय का?"

सत्तर साली ते वेतन मला मिळालं. इंटरला वस्तीत मी पहिली आले होते. माझ्या पाठोपाठ होती मृणालिनी, दत्तूकाकाची पुतणी. तिचे आईवडील लहानपणीच गेलेले, काकाला स्वतःचं मूल नाही, म्हणून त्यानंच तिला वाढवली. आम्ही दोघी बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. तिची फी काका स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि भरताना त्याचा जीव कसा वर-खाली व्हायचा त्याची नक्कल ती मला करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. कमिटीतल्या इतर म्हाताऱ्यांनी मला निवडलं, तेव्हा दत्तूकाका गप्प बसला होता. दर महिन्याला पाकीट देताना त्याची बोटं क्षणभर पाकिटाला चिकटून राहायची. मला वाटायचं, काटकसरी माणूस आहे.

माझे वडील काशीनाथपंत सप्रे घाटावर दक्षिणेकडून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचे. लोक मरायला देशभरातून काशीला येतात. आमचे वडील इथंच जन्मले आणि इथंच मेले, तेवढंच तिकीट वाचलं. बहात्तरच्या जानेवारीत, सतरा तारखेला, संकल्प सांगता सांगता घाटाच्या पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. मी सकाळचा तास करून कॉलेजातून घरी आले तेव्हा त्यांना घेऊन लोक दारात उभे होते. घरात आई होती, पद्माबाई, दोन वर्षांपासून अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. आणि मी. बस्स.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. आईला उचलून बसवायची, भरवायची, तिचं सगळं अंथरुणात करायचं, वर दोघींच्या पोटासाठी शिकवण्या धरायच्या. यात कॉलेज कुठेच बसत नव्हतं, हे मला तिसऱ्याच दिवशी कळून चुकलं. पण निधीच्या नियमपुस्तकात अशा वेळेची सोय होती, आणि तो नियम मला पाठ होता. घरच्या अडचणीमुळे वर्ष सोडावं लागलं, तर शेवटच्या हजेरीपासून दहा दिवसांत विद्यार्थ्यानं स्वतः चिटणिसाच्या हातात अर्ज द्यावा. त्याचं वेतन एक वर्ष राखून ठेवलं जाईल. अर्ज न देता शिक्षण सोडलं तर वेतन बंद, आणि तोवर घेतलेला पै न् पै परत.

म्हणजे बघा. एक कागद वेळेवर त्याच्या हातात पडला, तर पुढच्या जुलैत मी पुन्हा कॉलेजात. वर्षभरात आईची काहीतरी व्यवस्था लावायची, पदवी घ्यायची, नोकरी धरायची. कागद चुकला, तर कॉलेज कायमचं गेलं आणि वर आठशे पंचावन्न रुपये डोक्यावर. तेव्हा आमच्या घरात तांदूळ होते ते आठवड्याचे.

चौथ्या दिवशी मी अर्ज लिहिला आणि निधीच्या खोलीकडे गेले. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले, तेवढं मला कळत होतं. आत गणपती होता. दत्तूकाका गादीवर बसला होता. मला बघून उठला आणि उपरण्यानं डोळे पुसले. अश्रू खरे होते, मी जवळून पाहिले. सवयीनं मी वाकायला गेले, तसा तो दोन पावलं मागं सरला.

"नमस्कार नको, बाळ. सुतकात नमस्कार करत नाहीत. घेतही नाहीत."

"काका, अर्ज आणलाय," मी म्हटलं. "वर्षाची छुट्टी पाहिजे. दहा दिवसांत द्यायचा असतो, म्हणून आजच..."

"मला सांगतेस नियम? मीच तर वाचून दाखवतो सगळ्यांना." तो मायेनं हसला. "पण तू आत्ता सुतकी. तुझ्या हातचा कागद देवासमोर कसा घेऊ मी? काशीनाथपंतांची मुलगी तू. त्यांना काय वाटेल?"

"उंबऱ्यावर ठेवते. तुम्ही नंतर उचला."

"उंबरा का कुणा दुसऱ्याचा आहे? तोही देवाचाच. फिकीर करू नकोस. तेरावा होऊन जाऊ दे, मग शांतपणे ये. मी आहे ना बसलेला."

मी एकोणीस वर्षांची होते. सुतक दहाव्याला फिटतं, तेराव्याला नाही, हेही मला ठाऊक होतं. पण जन्मभर घाटावर बापाला ऐकलेलं. याला दहा दिवस, त्याला तीन दिवस, हिला नुसती आंघोळ. आमची चूलच सुतकावर पेटायची. ज्याच्या भाकरीवर वाढले, त्यालाच खोटं कसं म्हणू? बापाला जाऊन चार दिवस झालेले असताना? आणि चिटणीसच म्हणतोय म्हटल्यावर शंका घेणारी मी कोण? मी कागदाची घडी घातली आणि घरी आले. आज वाटतं, तो कागद आत भिरकावायला हवा होता. गणपतीला काही झालं नसतं. त्यानं याहून घाणेरडे हात रोज पाहिलेले होते.

तेराव्याला गोडाचं जेवण घातलं, उसनंपासनं करून. दत्तूकाका पहिल्या पानावर. गव्हल्यांची खीर त्यानं तीनदा मागून घेतली. "पंतांना फार आवडायची," म्हणाला. निघताना माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या ये गं. ते काम करून टाकू."

दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून गेले. आता त्यानं अर्ज हातात घेतला. चष्मा लावून सगळा वाचला. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला आणि एकेका तारखेवर बोट टेकवत पुढं सरकला.

"बाळ, शेवटची हजेरी सतराची. मुदत सव्वीसला संपली. आज तीस."

मला वाटलं, थट्टा करतोय. "पण काका, मी चौथ्या दिवशी आले होते ना. तुम्हीच म्हणालात..."

"आली होतीस," तो शांतपणे म्हणाला. "पण त्याची नोंद कुठे आहे?"

समोर ठरावांची वही उघडी पडली होती. मला उलटं वाचता येतं. लहानपणी वडिलांच्या समोर बसून त्यांची पोथी मी उलट्या बाजूनं वाचत असे. ठराव असा होता: विद्यार्थिनी बकुळ काशीनाथ सप्रे हिने अर्ज न देता शिक्षण सोडल्यामुळे तिचे वेतन बंद करण्यात येत आहे. रिक्त जागेवर कुमारी मृणालिनी घैसास हिची निवड करण्यात येत आहे. खाली चिटणिसाची सही, कमिटीतल्या दोघांच्या सह्या, आणि तारीख, सत्तावीस जानेवारी.

सत्तावीस म्हणजे अकरावा दिवस. दहा दिवस त्यानं इमानानं वाट पाहिली होती, एक तास कमी नाही. आणि त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या पंगतीला बसून तीनदा खीर घेतली होती. मला त्या खिरीचा राग आजही ठरावापेक्षा जास्त येतो. ती मी शेजारणीकडून दूध मागून आणून केली होती.

"पैशांची जल्दी नाही," तो म्हणाला. "सोयीनं फेड. निधी म्हणजे काही सावकार नव्हे." मग बाईंच्या फोटोकडे बोट केलं. "नमस्कार करून जा. आता सुतक फिटलंय."

आणि मी केला. एवढ्या वर्षांनी सांगतानाही कान तापतात, पण केला.

कुणाला सांगायचं होतं? माझा बाप त्याच्या खांद्यावरून गेलेला. काशीत खांदा दिलेल्या माणसाविरुद्ध बोललं की लोक आपल्याच तोंडात शेण घालतात. वस्तीत बोलणं झालं ते असं की, सप्र्यांच्या पोरीनं बाप जाताच कॉलेज सोडलं, अर्जसुद्धा दिला नाही, आजकालच्या मुली. वडिलांचं चांदीचं पळी-पंचपात्र मी विकलं. रामनगरला एका साडीवाल्याच्या चार मुलींना शिकवायला जायला लागले. थंडीत पिप्यांच्या तरंगत्या पुलावरून, पावसाळ्यात नावेनं. नाव उशिरा सुटली की घरी आई ओल्या अंथरुणात पडलेली असे. ती नुसती भिंतीकडे तोंड करायची. दोन वर्षांनी गेली. तिच्या सुतकात मी एकही दिवस घरी बसले नाही. शेवटचे तीस रुपये निधीत भरले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि दत्तूकाकानं मला पावती दिली, शुभेच्छांसकट.

मृणालिनी दोनदा दारात आली होती. "बकुळ, काय झालं ते सांग तरी," म्हणत कडी वाजवत राहिली. मी आतून बोल्ट लावून आईचे पाय चेपत बसले. तिला काही ठाऊक नव्हतं, एक जागा रिकामी झाली एवढंच तिला सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, वेतन सोडते म्हणाली असती, आणि मग मला तिचा राग करता आला नसता. राग ही एकच वस्तू तेव्हा माझ्या मालकीची होती. ती मी कुणाला देणार नव्हते.

सत्त्याहत्तर साली मला या कॉलेजात हंगामी कारकुनाची जागा मिळाली. इंटर पास पुरत होतं. पुढं कायम झाले, छात्रवृत्ती विभागात आले, सरकत सरकत बडी बाबू झाले. इथला नियम सत्यभामाबाईंच्या नियमाचा सख्खा भाऊ आहे. मध्येच वर्ष सोडायचं तर शेवटच्या हजेरीपासून पंधरा दिवसांत अर्ज द्या, छात्रवृत्ती वर्षभर राखली जाईल. नाही दिलात, तर नाव कटलं आणि रक्कम परत करा. मी कुणाला एक दिवस जास्त दिला नाही. पण सत्तावीस वर्षांत एकाही पोराकडून नियमात नसलेला कागदही मागितला नाही. दारात कुणी भिजत आलं, पट्ट्या बांधून आलं, टक्कल करून आलं, मी अर्ज हातात घेतला आणि त्याच मिनिटाला रजिस्टरात नोंद केली. याचा मला फार गर्व होता. मनात म्हणायचे, दत्तूकाका, बघ, खुर्ची अशी चालवतात.

दोन हजार चारच्या डिसेंबरात एक मुलगी खिडकीत आली. अंगात जुना स्वेटर, डोळे सुजलेले. मला वाकून बघितलं आणि एकदम मराठीत बोलायला लागली.

"काकू, मी वीणा. मृणालिनी घैसासची मुलगी. तुम्ही आईला ओळखता ना?"

मी तिला आत बोलावलं. मृणालिनी पुढं एका शाळेत विज्ञान शिकवायची, नवरा लवकर गेला, एवढं मला उडत उडत माहीत होतं. गेल्या सोमवारी शाळेतच तिला हार्ट अटॅक आला होता. आज चौथा दिवस.

"घरी कोण आहे तुझ्या?" मी विचारलं.

"आजोबा. म्हणजे आईचे काका. ब्याऐंशीचे आहेत, बेडवरच असतात. सगळं करावं लागतं त्यांचं."

सगळं म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको होतं. म्हणजे दत्तूकाका अजून जिवंत होता. वीणा फॉर्म पुढं करून बोलतच होती. "एक साल की छुट्टी हवी, काकू. तोपर्यंत ट्यूशन करेन, आजोबांसाठी बाई ठेवता येते का बघेन. छात्रवृत्ती राहिली तर परत येईन. गेली तर मग नाहीच जमणार. वापस करायला पण पैसे नाहीत आमच्याकडे."

मी फॉर्म घेतला. पूर्ण होता. सही, तारीख, वर्ग, सगळं जागच्या जागी. "चौथ्याच दिवशी आलीस," मी म्हटलं. "सुतक आहे ना तुला?"

"वो सब हम लोग नहीं मानते, काकू." ती सहज म्हणाली. "आई पण नाही मानायची. म्हणायची, माणूस गेलं की रडावं. विटाळ कसला त्यात?"

इतकं सोपं होतं ते. एका वाक्यात आटोपलं. मी एकोणीसची असताना हे वाक्य मला कुणी का नाही दिलं? मला त्या मुलीचा हेवा वाटला, आणि खोटं कशाला सांगू, दयाही आली. अगदी माझ्यासारखीच उभी होती, फक्त उंबऱ्याच्या आत. मी 'स्वीकृत'चा शिक्का उचलला. खरंच उचलला होता.

"आई नेहमी तुमचं नाव घ्यायची," वीणा म्हणाली. तिला मला बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं असेल. "म्हणायची, क्लासमध्ये खरी हुशार बकुळ. छात्रवृत्ती पण होती तिला. चांगलं चाललेलं असताना तिनं कॉलेज का सोडलं, कोण जाणे."

कोण जाणे! घरात बसून, त्याच माणसाच्या हाताखाली जेवून, माझ्या पैशांवर पदवी घेऊन, बत्तीस वर्षं हिची आई म्हणत राहिली, कोण जाणे. तो म्हातारा शेजारच्या खोलीत पडून ते ऐकत असेल आणि घोरत असेल. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, दार मीच लावून घेतलं होतं, हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. आठवूनही मी शिक्का खाली ठेवला.

"मृत्यूचा दाखला कुठे आहे?"

ती गोंधळली. "तो लागतो? बाहेरच्या लिस्टमध्ये तर नाही."

"लागतो."

"नगरनिगममध्ये विचारलंय मी. तीन हफ्ते तरी लागतील म्हणाले. आणि तुमचा पंधरा दिवसांचा नियम आहे ना, काकू?"

"फिकीर करू नकोस," मी म्हटलं. "दाखला मिळाला की शांतपणे ये. मी आहे ना बसलेली."

हे शब्द कुणाचे, ते तोंडातून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. आवाजसुद्धा तसाच लागला होता, मऊ.

"मग फॉर्म तुमच्याजवळ ठेवू?"

"दाखल्याशिवाय घेता येत नाही. जपून ने."

तिनं फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मग टेबलाला वळसा घालून आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. सुतकात नमस्कार करू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी पाय मागं घेतले नाहीत. "सुखी राहा," म्हटलं.

पुढचे दिवस मी मोजले. रोज सकाळी खिडकी उघडताना मोजायचे. तिच्या घराचा नंबर रजिस्टरात होता आणि फोन माझ्या हाताशी. पंधराव्या दिवशी पाच वाजून गेले तरी मी बसून राहिले. चपराशी दोनदा येऊन विचारून गेला, "घर नहीं जाना, मैडम?" शेवटी त्यानं माझ्यासमोर एकेक दिवा बंद करायला सुरुवात केली. सोळाव्या दिवशी सकाळी मी रजिस्टर काढलं आणि वीणाच्या नावावर लाल रेघ ओढली. पट्टी लावून.

ती चोविसाव्या दिवशी आली. धापा टाकतच तिनं जुना फॉर्म आणि त्यावर दाखला टेबलावर ठेवला. तिनं तो लॅमिनेट करून आणला होता.

"मुदत संपली, वीणा," मी म्हटलं. "नाव कटलं."

"पण काकू, मी तर चौथ्या दिवशी आले होते! तुम्हीच म्हणालात ना..."

"आली होतीस. पण त्याची नोंद कुठे आहे?"

हे वाक्य बत्तीस वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. वाटलं होतं, बोलताना गोड लागेल. तसं काही झालं नाही. ती रडली नाही, भांडली नाही. टेबलावरच्या दाखल्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच विचारलं, "मेरी कुछ गलती हुई क्या, काकू?"

मला ते सहन झालं नाही. कुणाची चूक, ते तरी तिला कळायला हवं होतं. नाहीतर एवढं सगळं कशासाठी?

"घरी जा आणि आजोबांना सांग," मी म्हटलं. "म्हणावं, काशीनाथपंतांच्या बकुळनं अर्ज घेतला नाही. आली होतीस, पण नोंद नाही म्हणाली. एवढंच सांग. त्यांना बरोबर समजेल."

वीणानं मान हलवली. "त्यांना काही नाही समजत, काकू. दोन साल झाले. कुणाचंच नाव आठवत नाही. आई गेली ते पण माहीत नाही त्यांना. मलाच मृणाल म्हणतात." ती थोडं हसली, माफी मागितल्यासारखं. "रोज सकाळी विचारतात, मृणाल, आज कॉलेजला नाही गेलीस?"

खिडकीबाहेर पोरांची रांग लागली होती. कुणीतरी काच ठोकत होतं. फॉर्म माझ्यापुढे होता, तिच्या अक्षरातली जुनी तारीख तशीच होती. चौथ्या दिवसाची नोंद करून 'स्वीकृत' मारलं असतं, तर मला कुणी विचारणार नव्हतं. लाल रेघ खोडायला ब्लेड ड्रॉवरमध्ये होतं. वीणा माझ्या हाताकडे बघत होती, आणि तिला अजून वाटत होतं की काकू काहीतरी करतील.

मी 'निरस्त'चा शिक्का उचलला आणि मारला. शाई सुकली होती, अर्धाच उमटला. म्हणून पॅडवर नीट दाबून मी तो दुसऱ्यांदा मारला.